रुमालाखालचा भाव

माळेगावच्या बाजारात, घोड्यांच्या मागच्या ओळीत,
जिथं खोगीर, मोहरक्या, घुंगरांचे पट्टे टांगलेत,
तिथं ताडपत्रीवर बुटांचा ढीग.
कुणाचा डावा कुणाच्या उजव्यावर पालथा.

मला बूट पाहिजेत.
संभाजीनगरच्या क्लबात पोरांना घोडा शिकवायची नोकरी,
घोडा त्यांचा, दाणावैरण त्यांची,
बूट मात्र ज्याचे त्यानं आणायचे.
तिथल्या दुकानात काचेआड एक जोड बघितला होता,
साडेसहा हजार.
काचेत माझेच पाय दिसायले, चपलेतले.
मी लवकर बाजूला झाले.

आजवर शेवंतीवर अनवाणीच बसले.
वरातीत ती नवरदेवाची,
वरात संपली की लोह्याच्या रस्त्यानं
अंधारात घरी येईपर्यंत माझी.

लिंबाजीमामा म्हणाला, "कामून घाई करायलीस?
घोडा असो का बूट, आधी खालून बघावं."
आणि खूर उचलावा तसा त्यानं बूट उलटा केला.
तळ सपाट पाहिजे.
खाचांचा तळ रिकिबीत अडकतो,
आन् पडलीस तर घोडा काय थांबत नसतो.
टाच पाहिजे बोटभर, नायतर पाय आरपार.

एक जोड खताच्या दुकानातल्यासारखा, नुसता रबर.
एक चकचकीत, पिवळ्या बकलाचा.
मामानं नखानं ओरखडला
तर कांद्यासारखा पापुद्रा निघाला.
"फोटोत बसायला बरा हाय."
एक अगदी झकास,
पण दोन्ही डावे.

मग हा. तपकिरी, जुना, खऱ्या चामड्याचा.
आतल्या अंगाला रिकिबीच्या वादीनं घासून काळा पडलेला,
उजव्यापेक्षा डावा जास्त.
म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं डावीकडं कलून बसलं होतं.
भीत असेल, का कुणाला वळून बघत असेल?
"बूट बोलत नसतेत," मामा म्हणाला, "माप बघ."

भावाचे शाळेचे मोजे, एकावर एक दोन, आणि पाय आत.
पोटरीला घट्ट. गुडघ्यामागं काठ रुतायला.
"रुतू दे. चामडं महिन्याभरात खाली बसतंय.
आज बरोबर आला तर उद्या आखूड झाला समज."

करीमखाँ म्हणाला, "सोळाशे. असली चमडा है, बेटी."
मामानं खांद्यावरचा रुमाल काढला,
दोघांच्या हातांवर टाकला.
वर तोंडं ज्वारीच्या हुरड्याचं बोलत होती,
खाली रुमाल हलत होता,
कबूतर झाकून ठेवल्यागत.
पाय माझे, पैसे माझे, लग्नसराईतले साठवलेले,
आणि भाव मला दिसत नव्हता.

"मामा, हो बाजूला."
करीमखाँनं आधी मामाकडं बघितलं, मग आभाळाकडं,
मग रुमालाखाली माझ्या बोटांची फक्त टोकं धरली,
गरम चहाचा पेला धरावा तशी.
मी त्याचा अख्खा पंजा दाबला, पाचशे.
त्यानं मान हलवली.
मग पंजा आणि वर चार बोटं.
बराच वेळ त्यानं हात सोडला नाही.
मग सोडला, आणि बुटांत जुना कागद कोंबून दिला.

घरी शेवंतीनं बूट हुंगले, फुरफुरली.
बसले, नुसती टाच लावली
तर अशी उसळली की जणू परकं कुणी चढलंय.
तिला माझी टाच ठाऊक होती, ही नव्हती.
तिला विचारायचं राहिलंच होतं.
उतरले. तिळाचं तेल घेऊन
दारात बूट चोळत बसले.

आई शेण टाकून आली, हात धुतले.
"कितीला?"
मी तिचा पदर ओढून आमच्या हातांवर घेतला.
तिनं बाजार कधी बघितलेला नाही,
घोडे बघितले, विकताना नाही.
पंजा दाबला, मग चार बोटं दिली.
ती गप्प राहिली थोडी.
मग पदराखाली, एकेक करून,
तिनं माझी दोन बोटं दुमडली.